पाण्याचें तळें व विद्येचें दार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

थोर पुरुषांचीं चरित्रें कां वाचावीं, असा प्रश्न केला असतां पुष्कळजण उत्तर देतात कीं, त्यांचें अनुकरण करतां यावें म्हणून. हें उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. कांहीं चरित्रें अशीं असतात कीं, तीं वाचतांना त्या पुरुषाइतकाच त्याच्या भोंवतालचा समाजहि डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि त्या समाजांत आपण स्वतः कोठें उभे आहों हें आपणांस पाहावें लागतें. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचें चरित्र ह्या प्रकारचें आहे. 'बाबासाहेब' ह्या नांवानें ते सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहेत. त्यांची जयंती गांवोगांव होते, त्यांची तसबीर शाळांत व कचेऱ्यांत लागलेली दिसते. तथापि ज्या दोन गोष्टींसाठीं त्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें त्या कोणत्या, आणि त्या दोहोंचा धागा आमच्या ह्या जिल्ह्यापर्यंत कसा येऊन पोंचतो, ह्याचा विचार थोडेच करतात. तो विचार करावा ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

त्या दोन गोष्टी म्हणजे पाणी आणि विद्या. तहान ईश्वरानें सर्व प्राणिमात्रांस दिली आहे, आणि जाणण्याची इच्छा सर्व मनुष्यांस दिली आहे. ह्या दोहोंच्या बाबतींत त्यानें उच्च-नीच असा भेद केलेला नाहीं. परंतु आमच्या देशांत मनुष्यांनीं मात्र दोहोंभोंवतीं कुंपण घातलें. अस्पृश्य गणलेल्या मनुष्यानें तळ्यास हात लावला कीं तळें बाटतें, आणि पोथीस हात लावला कीं पोथी बाटते, अशी समजूत शेंकडों वर्षें चालत आली. बाबासाहेबांचें सारें जीवन म्हणजे हीं दोन कुंपणें मोडण्याचा अखंड उद्योग होय. पाण्याच्या कुंपणाचा एक कडू अनुभव त्यांना ह्याच जिल्ह्यांत आला, आणि विद्येचें एक मोठें दार त्यांनीं ह्याच जिल्ह्यांत उघडलें.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं मध्य हिंदुस्थानांतील महू येथील लष्करी छावणींत झाला. त्यांचें मूळ गांव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. जात महार. वडील रामजी सकपाळ हे पलटणींत सुभेदार असून लष्करी शाळेंत शिक्षक होते. घराणें कबीरपंथी होतें. त्यामुळें घरांत भजनाची व वाचनाची गोडी होती, आणि मुलांस शिकवावें ही वडिलांची तळमळ होती. पेन्शनीनंतर हें कुटुंब साताऱ्यास येऊन राहिलें.

साताऱ्याच्या शाळेंत ह्या मुलास वर्गांत घेतलें जाई, पण इतर मुलांबरोबर बसवलें जात नसे. त्याचें गोणपाट निराळें. तें त्यानेंच घरून आणावें व त्यानेंच परत न्यावें. तहान लागली तर त्यानें नळास हात लावावयाचा नाहीं. शाळेच्या शिपायानें नळ सोडला तर पाणी मिळावयाचें, आणि शिपाई नसला तर तहानेलेंच राहावयाचें. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पाहावें. त्या मुलास विद्येचें दार अर्धें उघडलें होतें, पण पाण्याचें दार बंदच होतें. एकाच शाळेंत, एकाच मुलापुढें, हीं दोन्ही कुंपणें एकत्र उभीं होतीं.

१९०१ सालची गोष्ट आहे. रामजी सुभेदार त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत कोरेगांव येथें खजिनदार म्हणून नोकरीस होते. दुष्काळी लोकांस काम मिळावें म्हणून सरकार तेथें एक तलाव खोदवीत होतें. सुट्टींत मुलांनीं आपणाकडे यावें असें वडिलांनीं कळविलें. भीमराव, त्यांचे भाऊ व भाचे नवे कपडे लेवून मोठ्या आनंदानें आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरले. मुलें निघाल्याची वर्दी वडिलांस पोंचली नव्हती, म्हणून घेण्यास कोणी आलें नाहीं. स्टेशनमास्तरानें प्रथम आपुलकीनें विचारपूस केली, पण जात कळतांच तो मागें सरला. कोणी गाडीवान ह्या मुलांस गाडींत घेईना. शेवटीं दुप्पट भाड्यावर एकजण कबूल झाला, पण मुलांनीं गाडी हांकावी आणि आपण पायीं चालावें अशी त्याची अट होती. शिदोरी बरोबर होती, परंतु पिण्याजोगें पाणी कोठें मिळालें नाहीं, म्हणून ती खातां आली नाहीं. रात्र उपाशीं व तहानेलें काढून तीं मुलें दुसरे दिवशीं मुक्कामीं पोंचलीं. बाप ज्या गांवीं तलावाच्या कामावर होता, त्या गांवाच्या वाटेवर त्याच्याच मुलांस पाण्याचा घोंट मिळाला नाहीं. हा अनुभव बाबासाहेबांनीं पुढें स्वतः लिहून ठेविला आहे.

विद्येच्या मार्गांत मात्र कांहीं उदार हात त्यांना लाभले. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून ते १९०७ सालीं मॅट्रिक झाले. ह्या प्रसंगीं कृष्णाजी अर्जुन केळुसकर ह्यांनीं आपण लिहिलेलें भगवान् बुद्धाचें चरित्र त्यांस भेट दिलें. केळुसकरांच्याच खटपटीनें बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांचें साहाय्य मिळालें. १९१३ सालीं भीमराव अमेरिकेस न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत गेले व तेथें १९१५ सालीं एम्. ए. झाले. पुढें लंडन येथें त्यांनीं अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केला, बॅरिस्टरीची परीक्षा दिली, आणि १९२३ सालीं रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथाबद्दल लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. ही पदवी मिळविली.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. विद्या मिळाली म्हणजे मान आपोआप मिळतो, असें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं सांगतों. बाबासाहेबांचा अनुभव निराळा होता. १९१७ सालीं अमेरिकेची पदवी घेऊन ते करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहांत त्यांनीं पारशी नांव धारण करून आश्रय घेतला. थोड्याच दिवसांत खरी जात उघड झाली, आणि कांहीं लोक काठ्या घेऊन त्यांस बाहेर काढण्यास आले. त्या दिवशीं ते एका सार्वजनिक बागेंत बसून राहिले व रात्रीच्या गाडीनें मुंबईस परतले. एका मनुष्यानें कितीहि विद्या मिळविली तरी त्याच्या जातीवरील कलंक जोंपर्यंत समाज पुसत नाहीं तोंपर्यंत ती विद्या त्यास निवारा देऊं शकत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. ह्या अनुभवानंतर त्यांचा मार्ग बदलला. १९२० सालीं त्यांनीं 'मूकनायक' हें पत्र सुरू केलें, आणि १९२४ सालीं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली.

आतां महाडच्या तळ्याकडे वळूं. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलानें सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मान्य केला. सरकारी खर्चानें बांधलेल्या अगर चालविलेल्या विहिरी, तळीं, शाळा, धर्मशाळा इत्यादि स्थळें अस्पृश्यांस मोकळीं असावीं, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें १९२४ सालीं आपलें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरांतच राहिला. तळ्यावर जाण्याचें धैर्य कोणास होईना. १९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें परिषद भरली, आणि २० तारखेस बाबासाहेबांच्या मागून हजारों स्त्रीपुरुष शिस्तीनें चालत तळ्यावर गेले. बाबासाहेबांनीं ओंजळभर पाणी प्याले, व मागून इतरांनीं. नंतर देवळांत शिरण्याचा ह्यांचा बेत आहे अशी कंडी पिकली, आणि परिषदेच्या लोकांवर मारहाण झाली. बाबासाहेबांनीं आपल्या लोकांस हात उगारूं दिला नाहीं. पुढें सनातनी मंडळींनीं शेणगोमूत्रादिकांचे १०८ घडे ओतून तळें 'शुद्ध' केलें. मग प्रकरण न्यायालयांत गेलें. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. एक ओंजळ पाणी कायदेशीर ठरण्यास दहा वर्षें लागलीं.

एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ एका तळ्यासाठीं कां झगडला, असें कोणी विचारील. चवदार तळ्याचें पाणी प्यालें नाहीं तर आम्ही मरूं असें नाहीं. आम्हीहि इतरांसारखीं माणसें आहों हें सिद्ध करण्यासाठीं आम्ही तळ्यावर जात आहों, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. जनावरें ज्या तळ्यावर पाणी पीत, तेथें मनुष्यांस मज्जाव होता. खेड्यांत तर उन्हाळ्यांत स्वतःची विहीर आटली कीं, अस्पृश्य बायांनीं दुसऱ्यांच्या विहिरीपाशीं रिकामी घागर ठेवून, कोणी दयाळू मनुष्य वरून पाणी ओतील काय ह्याची वाट पाहत बसावें अशी रीत होती. अशा रीतीनें मिळालेल्या पाण्यानें तहान भागते, पण माणुसकी कोरडीच राहते. बाबासाहेबांस दयेचें पाणी नको होतें, हक्काचें हवें होतें.

आतां आपल्या जिल्ह्याची गोष्ट सांगतों. आमच्या फर्दापुराहून अजिंठ्याचा घाट चढून जिल्ह्याच्या गांवीं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस व आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, गेलें आणि तेथून वेरूळच्या वाटेस लागलें कीं दौलताबादचा किल्ला लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९३४ सालीं बाबासाहेब आपल्या सुमारें तीस सहकाऱ्यांसह वेरूळचीं बौद्ध लेणीं पाहण्यास नाशिकाहून निघाले. अस्पृश्य प्रवाशांस वाटेंत होणारा त्रास टळावा म्हणून त्यांनीं आपला प्रवास जाहीर केला नव्हता. किल्ल्याशीं आले तों सर्वजण धुळीनें माखलेले. दरवाजाबाहेर पाण्यानें भरलेलें एक लहान तळें होतें. कांहीं जणांनीं त्या पाण्यानें हातपाय व तोंड धुतलें. महिना रमजानचा होता. इतक्यांत एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, ह्यांनीं तळें बाटविलें, असें ओरडत आला, आणि पाहतां पाहतां जमाव गोळा होऊन शिव्यांचा वर्षाव सुरू झाला. तेव्हां बाबासाहेबांनीं विचारलें कीं, तुमचा धर्म हेंच शिकवितो काय, आणि एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यास तुम्ही ह्या तळ्याचें पाणी घेऊं द्याल कीं नाहीं? ह्या प्रश्नावर जमाव निरुत्तर झाला. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आंत कोठेंहि पाण्यास स्पर्श करावयाचा नाहीं ह्या अटीवर. आणि ती अट पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. जगांतील नामांकित विद्यापीठांचा पदवीधर असा पहाऱ्याखालीं दौलताबादचा किल्ला चढला.

ह्या प्रसंगावरून एखाद्या धर्मास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. उलट, जातिभेदाचें विष कोणत्याहि एका धर्माच्या वेशीशीं थांबत नाहीं, हें त्यावरून शिकावयाचें आहे. ख्रिस्ती मंडळ्याहि त्यापासून सर्वस्वीं मुक्त राहिल्या नाहींत. दक्षिण भारतांत कित्येक ठिकाणीं प्रार्थनामंदिरांत बसण्याच्या जागा व दफनभूमि जातीप्रमाणें निराळ्या राखल्या गेल्या, हें सत्य लपविण्यांत अर्थ नाहीं. आणि हें कोणत्या गुरूचे अनुयायी म्हणवून? शमरोनांतील सूखार गांवच्या विहिरीपाशीं प्रभु येशू थकून बसला असतां, ज्या लोकांशीं यहूदी लोक संबंध ठेवीत नसत त्या शमरोनी लोकांपैकीं एका स्त्रीपाशीं त्यानें पाणी मागितलें. ती स्वतःच आश्चर्य करूं लागली. पाणी देणें हा उपकार खरा. पण तुच्छ मानलेल्या मनुष्याच्या हातचें पाणी मागून घेणें ही समता होय. ही कथा आमच्या शाळांतील प्रत्येक मुलास पाठ असते. ती पाठ असून आचरणांत नसेल, तर दौलताबादच्या त्या जमावांत व आपणांत अंतर तें काय?

महाडास व दौलताबादेस जें भोगावें लागलें तें वायां गेलें नाहीं. बाबासाहेब १९४७ सालीं घटना-मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या संविधानाचें सतरावें कलम अस्पृश्यता नष्ट करतें, हें पुष्कळांस माहीत असतें. पण पंधरावें कलम वाचकांनीं अवश्य उघडून पाहावें. सरकारी खर्चानें राखलेल्या अगर सर्व लोकांच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या विहिरी, तलाव व स्नानाचे घाट वापरण्यास कोणासहि धर्म, वंश, जाति, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणावरून अटकाव करतां येणार नाहीं, असें त्यांत नमूद आहे. देशाच्या सर्वोच्च कायद्यांत विहिरीचें व तलावाचें नांव आहे, तें ज्यांना त्यांवरून हांकलून दिलें गेलें त्यांच्या तहानेमुळें आहे. पाण्याशीं त्यांचा आणखीहि एक संबंध आहे. १९४२ ते १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत मजूर खात्याचे सभासद होते. दामोदर व महानदी ह्या नद्यांचे पूर आवरून त्यांच्या पाण्यावर शेती, वीज व नौकानयन अशीं अनेक कामें साधावीं, ह्या योजनांचा पाया त्यांच्या कारकीर्दींत घातला गेला. ज्यास शाळेंत नळास हात लावूं दिला नाहीं, त्यानेंच साऱ्या देशाच्या पाण्याची काळजी वाहिली.

आतां विद्येच्या दाराकडे येऊं. निजामी अमलांत मराठवाड्याची स्थिति फार मागासलेली होती. उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या, आणि उस्मानिया विद्यापीठाच्या शिक्षणाचें माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या गरीब मुलास ही चढण फार मोठी होती, आणि तो मुलगा अस्पृश्य असला तर बोलावयासच नको. तरीहि जागृतीचे प्रयत्न थांबले नव्हते. ३० डिसेंबर १९३८ रोजीं कन्नड तालुक्यांतील मक्रणपूर येथें भाऊसाहेब मोरे ह्यांच्या खटपटीनें मराठवाड्यांतील दलितांची परिषद भरली व तीस बाबासाहेब हजर राहिले. पुढें ८ जुलै १९४५ रोजीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज काढलें, आणि १९५० च्या जूनमध्यें, म्हणजे संविधान अमलांत आल्यावर पांच महिन्यांच्या आंत, औरंगाबादेस कॉलेज सुरू केलें. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसविली गेली. हेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. त्याच्या आवारास नागसेनवन म्हणतात.

हीं नांवें सहज ठेविलेलीं नाहींत. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. तो मोठा वादपटु होता, व नागसेन नांवाच्या भिक्षूस त्यानें नाना प्रश्न विचारले. त्यांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' ह्या पाली ग्रंथांत आहे. राजानें सत्तेच्या जोरावर भिक्षूस गप्प केलें नाहीं, आणि भिक्षूनें श्रद्धेच्या जोरावर राजास गप्प केलें नाहीं. दोघेहि युक्तिवादानें चालले. विद्यालयास ह्याहून योग्य नांव कोणतें? आम्हां फर्दापूरकरांस ह्यांत आणखी एक गोडी आहे. मिनँडर राजा इ. स. पूर्वी दुसऱ्या शतकांत होऊन गेला, आणि आमच्या उशाशीं असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरांतील सर्वांत जुनीं लेणींहि सुमारें त्याच शतकांत कोरूं लागले. त्या लेण्यांत भिक्षु राहत, अध्ययन करीत. वाघूर नदीच्या कांठीं एके काळीं विद्येचें असें स्थान होतें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे औरंगाबादच्या माळावर उभें राहिलेलें तें कॉलेज परकें वाटत नाहीं.

मिलिंदमधून दलित समाजांतील मुलांच्या पिढ्या शिकून बाहेर पडल्या, आणि इतर समाजांचीं मुलेंहि तेथें त्यांच्या शेजारीं बसून शिकलीं. शिकलेल्या मुलांनीं लिहावयास घेतलें. १९६७-६८ च्या सुमारास गंगाधर पानतावणे ह्यांच्या संपादकत्वाखालीं औरंगाबादेहून निघूं लागलेल्या 'अस्मितादर्श' नियतकालिकानें दलित लेखकांस हक्काचें व्यासपीठ दिलें. परंतु विद्येच्या दाराशींहि पुन्हां एकदां कुंपण उभें राहिलें. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचें नांव द्यावें असा ठराव २७ जुलै १९७८ रोजीं राज्याच्या विधिमंडळानें केला, तेव्हां मराठवाड्यांत दंगे उसळले व खेड्यांतील दलितांचीं घरें जाळलीं गेलीं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजीं विद्यापीठाचा नामविस्तार झाला. महाडच्या पाण्यास दहा वर्षें लागलीं. ज्यानें ह्या भागांत कॉलेज आणलें त्याचें नांव विद्यापीठाच्या दारावर लागण्यास पंधरा वर्षांहून अधिक लागलीं.

बाबासाहेबांनीं १९३५ सालीं येवले येथें, आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें होतें. एकवीस वर्षांच्या चिंतनानंतर १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपूर येथें लाखों अनुयायांसह त्यांनीं बौद्धधर्माची दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षीं ६ डिसेंबरास दिल्ली येथें त्यांचें देहावसान झालें. तत्पूर्वी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत त्यांनीं दोन इशारे दिले होते. राजकारणांत समता व सामाजिक जीवनांत विषमता असा विरोध फार काळ चालूं दिला तर लोकशाही धोक्यांत येईल, हा एक. आणि राजकारणांतील व्यक्तिपूजा अधोगतीस नेते, हा दुसरा. त्यांच्या तसबिरीस हार घालून पुस्तक मिटून ठेवणाऱ्यांस हा दुसरा इशारा लागू पडतो.

आतां आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस दोन शब्द. मोठ्या सभा भरविणें व कायदे करणें तुमच्या हातीं आज नाहीं. पण प्रत्येक शाळेंत पाण्याचें एक ठिकाण असतें आणि एक वर्ग असतो. तेथें कोण कोणाच्या शेजारीं बसतो, कोण कोणाचा डबा खातो, कोणाचें आडनांव ऐकून कोणाचा चेहरा बदलतो, हें तुमच्याच हातीं आहे. तुमच्या वर्गांतील एखादें मूल मागें मागें राहत असेल, तर तें बुद्धीनें मागें आहे कीं आपण त्यास मागें ठेविलें आहे, ह्याचा शोध घ्या. साताऱ्याच्या शाळेंत एका कोपऱ्यांत गोणपाटावर बसलेल्या मुलानें पुढें संविधानाच्या मसुद्याचें काम पाहिलें. त्या वर्गांत दुसरीं मुलेंहि होतीं, पण त्यांपैकीं कोणी उठून त्यास आपल्याजवळ बसविलें असें त्यानें कोठें लिहून ठेविलेलें नाहीं. तुमच्याविषयीं तुमच्या सोबत्यांस असें लिहावें न लागो, हीच परमेश्वरापाशीं प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतों.